इंजिनवरचं तीर्थ

दसऱ्याच्या सकाळी, वडिलांना डायलिसिसला घेऊन निघायच्या वेळी, गाडी सुरू झाली नाही. वार गुरुवार. जागा धारवाडला केलगेरी तळ्याकडचं आमचं घर. उजाडलं होतं, ऊन यायचं होतं. स्टार्टर फिरत होता, पेट्रोल येत होतं, त्याचा वास नाकाला लागत होता. इंजिन पेटत नव्हतं.

वडील पुढच्या डाव्या सीटवर बसलेले होते. त्यांना तिथं बसवायला वेळ लागतो आणि उतरवायला त्याहून जास्त. मी बॉनेट उघडलं तेव्हा ते आतच राहिले आणि काच खाली केली.

"काय झालं गं?"

"ठिणगी पडत नाही."

"काल तर ठीक होती."

"काल सुरू केलीच नव्हती, अप्पा."

वडिलांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी त्यांना हुबळीच्या एका दवाखान्यात मशीनवर घेतात. तिथला नियम साधा आहे. वेळेवर आला नाहीत तर खुर्ची पुढच्या रुग्णाला मिळते. दोन वर्षांपूर्वी एकदा पाळी चुकली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या छातीत पाणी साठलं आणि त्यांना श्वास घेता येईना. तीन दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. तेव्हापासून पाळी चुकलेली नाही. दसऱ्याच्या सकाळी त्यांच्या घोट्यांवर सूज होती आणि आदल्या दिवशी सणाचं जेवण झालं होतं.

ही गाडी आठशे सीसीची, तीन सिलिंडरची, कार्ब्युरेटरवर चालणारी आहे. वडील वकिली करत होते तेव्हा त्यांनी ती नवी घेतली. कोर्टाच्या आवारात तेव्हा अशा गाड्यांची रांग असायची. आता मला आठवड्यात एखादी दिसते, तीही बहुधा कुठल्यातरी फाटकाआड ताडपत्रीखाली. आमची चालते, कारण ती चालवणं भाग आहे.

वडिलांचा डावा गुडघा वाकत नाही. एका अपघातानंतर तो सांधा कायमचा सरळ जुळवून टाकावा लागला. रिक्षात बसले की पाय बाहेर राहतो. बसमध्ये सरळ पाय ठेवायला जागा नाही. कुठल्याही साध्या मोटारीत पुढच्या सीटवर त्यांचं पाऊल पुढच्या पत्र्याला अडतं आणि दार लागत नाही. शेजारच्यांची मोठी गाडी आहे, पण तिची पायरी त्यांच्या कमरेला लागते. रुग्णवाहिका एकदाच बोलावली होती. आडवं निजवल्यावर त्यांना धाप लागली. त्यानंतर त्यांनी जाहीर केलं, "जिवंत असेपर्यंत मी आडवा जाणार नाही."

म्हणून मी या गाडीच्या मागच्या सीटचा डावा अर्धा भाग काढून टाकला. पुढच्या सीटच्या रुळांसाठी फरशीत मागे नवी भोकं पाडली, खालून जाड पट्टी दिली आणि बोल्ट कसले. आता सीट इतकी मागे जाते की वडील पाय लांब करून बसू शकतात. भावाने दोनदा नवी गाडी घेऊन द्यायची तयारी दाखवली. हुबळीतल्या दोन शोरूममध्ये मी विचारून आले. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं. सीटखाली एअरबॅगच्या वायरी असतात, रूळ हलवता येणार नाहीत. या गाडीत एअरबॅग नाही, वायरी नाहीत, सीटखाली फक्त पत्रा आहे. त्यामुळे ही सोडून दुसरी गाडी घेता येत नाही.

कार्ब्युरेटर म्हटल्यावर बहुतेक गॅरेजवाले नको म्हणतात. एकाने घेतली तर आठ दिवस ठेवतो, आणि मला ती परवाला लागते. मग मी शिकले. व्हिडिओ बघून, वडिलांच्या कपाटात सापडलेली गाडीबरोबरची पुस्तिका वाचून, आणि बिघडवून. कार्ब्युरेटरची बारीक छिद्रं पेट्रोलने धुणं, प्लगमधलं अंतर लावणं, फॅनबेल्ट ताणणं मला येतं. क्लचची केबल एकदा हुबळीच्या वाटेवर, उणकलजवळ तुटली. तेव्हापासून जादा केबल, रबरी नळी आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे डिकीत असतात. रेडिएटरची नळी अजूनही अशाच एका तुकड्याने बांधलेली आहे. गाडीचे आणि वडिलांचे दिवस आलटून पालटून येतात. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांचे. सोमवार, बुधवार, शुक्रवार गाडीचे. रविवारी मी हात धुते, पण नखांतलं काळं जात नाही.

आई गेल्यावर मी पुण्याहून इकडे आले ती चार-सहा महिन्यांसाठी. वर्तमानपत्रातल्या नोकरीतून तेव्हा बिनपगारी रजा घेतली होती, नंतर ती नोकरी सुटली. आता मी घरून बातम्यांचं संपादन करते, संध्याकाळच्या पाळीत. गाडी मी हुबळीच्या पुढे कधी नेलेली नाही. बेळगावला मावसबहिणीचं लग्न होतं, तेव्हाही नाही. वाटेत काही झालं तर परवाची पाळी चुकेल, हे कारण सगळ्यांना पटतं. त्यामुळे आता कुणी बोलावतही नाही.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा होते. इथं तिला सगळे आयुधपूजा म्हणतात आणि त्या दिवशी रस्त्यावर दिसणारी प्रत्येक गाडी धुतलेली, हार घातलेली असते. आमच्या घरातली रीत जरा कडक आहे. ज्याने काम होतं ते सगळं पाटावर जातं. पाने, स्क्रूड्रायव्हर, पक्कड, जॅक. स्वयंपाकघरातली विळी आणि सगळ्या सुऱ्या. कात्री. वडिलांची कायद्याची पुस्तकं आणि शाईचं पेन. माझा लॅपटॉप आणि पानं आखायची जुनी स्टीलची पट्टी. एकदा पूजा झाली की उत्तरपूजेपर्यंत पाटावरच्या कशालाही हात लावायचा नाही. गाडी पाटावर नसते, तिला सूट. उत्तरपूजा दसऱ्याच्या संध्याकाळी, बन्नीची, म्हणजे शमीची, पानं देऊन-घेऊन झाल्यावर. म्हणून दसऱ्याची भाजी आमच्याकडे पूजेआधीच चिरून ठेवतात.

खंडेनवमीला सकाळी मी गाडी धुतली. इंजिनवर पाणी जाऊ नये म्हणून डिस्ट्रिब्युटरवर प्लास्टिकची पिशवी बांधली. डिस्ट्रिब्युटर म्हणजे तिन्ही सिलिंडरना पाळीपाळीने ठिणगी पोचवणारी डबी. तिचं टोपण काळं असतं आणि त्यातून जाड वायरी निघतात. आत थेंबभर पाणी गेलं तरी ठिणगी भलतीकडे जाते. धुऊन झाल्यावर मी पिशवी काढली. संध्याकाळी पूजा झाली. वडील खुर्चीत बसून मंत्र सांगत होते. बॉनेटवर हळदकुंकू, समोर नारळ, चारी चाकांखाली लिंबं. लिंबं चिरडायला इंजिन सुरू करायची गरज नव्हती. फाटकाकडे उतार आहे. मी ब्रेक सोडला, गाडी चार हात घरंगळली, लिंबं फुटली, मी ब्रेक ओढला आणि आरतीचं ताट ठेवायला आत गेले.

हे सगळं मी बॉनेटखाली डोकं घालून आठवत होते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणावर झेंडूची एक पाकळी चिकटलेली होती. खालच्या खोबणीत पाणी होतं आणि त्यात अक्षता होत्या.

"अप्पा, काल मी आत गेल्यावर तुम्ही इंजिनवर पाणी ओतलंत?"

"पाणी नाही."

"मग?"

"तीर्थ. कलशातलं. तू बाहेरून बाहेरून पूजा केलीस. चालवतं कोण? इंजिन."

"किती ओतलंत?"

"होतं तेवढं."

"बॉनेट कुणी उघडलं?"

"मी. अजून तेवढं येतं मला."

काम दहा मिनिटांचं होतं. टोपणाचे दोन स्क्रू काढायचे, आतून कोरडं करायचं, परत लावायचं. मी देवघराकडे निघाले.

"कुठं निघालीस?"

"स्क्रूड्रायव्हर आणायला."

"उत्तरपूजा झालेली नाही."

"अप्पा, पाळी चुकेल."

"चुकू दे. पूजेतलं हत्यार उठवायचं नाही. तुझ्या आईनं कधी उठवलं नाही. तिनं दसऱ्याला भाकरी हातानं मोडून वाढली, सुरी लावली नाही."

"भाकरी हातानंच मोडतात."

"वाद घालू नकोस. आण तू स्क्रूड्रायव्हर, कर दुरुस्त. ने मला हुबळीला. सुई टोचायला संमती कुणाची लागते?"

मी पायरीवरूनच मागे वळले.

"माझी. ती मी देणार नाही. लिहून देईन तसं."

त्यांनी हे नुसतं बोलण्यासाठी म्हटलेलं नव्हतं. एका एकादशीला त्यांनी दवाखान्यात दिलेलं बिस्किट नाकारलं होतं, रक्तातली साखर घसरलेली असताना. त्यांना समजावायला दोन नर्स आणि एक डॉक्टर लागले होते आणि तरी ते समजले नव्हते. मी मोबाइलवर टॅक्सी शोधली. जवळ एकही गाडी दिसत नव्हती. दिसली असती तरी तिची सीट मागे गेली नसती.

मग मी घरात जाऊन पूजेत नसलेलं काय उरलंय ते बघायला लागले. चमचे उरले होते, पण त्यांचं टोक स्क्रूच्या खाचेपेक्षा जाड. चावी जात नव्हती. बाथरूमच्या खिडकीत नेलकटर होतं. त्याला नखांखालचा मळ काढायचं एक टोकदार पातं असतं. ते घेऊन मी बाहेर आले आणि वडिलांच्या खिडकीशी धरलं.

"हे चालेल?"

त्यांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं.

"हे पूजेत ठेवलं होतं का?"

"नाही."

"मग ते हत्यार नाही. घे."

"पण कापतं की ते, अप्पा."

"तू माझ्या बाजूनं आहेस की समोरच्या?"

पहिला स्क्रू निघाला. दुसरा गंजलेला होता. पात्याचं टोक खाचेत बसलं, मी जोर दिला आणि टोक मोडलं. तुकडा इंजिनच्या खाली कुठेतरी पडला. एका स्क्रूवर टोपण थोडं हलत होतं, उघडत नव्हतं. वडिलांनी घड्याळ बघितलं. दर सकाळी निघताना ते आकाशाचा रंग, रस्त्यावरची गर्दी, कालचा वकील मित्राचा फोन यावर बोलतात. त्या दिवशी ते बोलायचे थांबले होते आणि तोंडाने श्वास घेत होते.

शेजारच्या काकू रांगोळी घालायला बाहेर आल्या. त्या आमच्याशी कन्नड बोलतात, आम्ही अर्धं कन्नड, अर्धं मराठी.

"एनात्री अक्का? हब्बद दिन गाडी जोडी जगळा?" सणाच्या दिवशी गाडीशी भांडण?

मी सांगितलं. त्यांचाही स्क्रूड्रायव्हर पूजेत होता. तो त्यांनी दिला असता तर वडिलांचं म्हणणं काय पडलं असतं ते माहीत नाही. विचारायची वेळ आली नाही, कारण त्यांनी तो उठवायचा विचारही केला नाही. त्या थोडा वेळ बॉनेटखाली बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "इक्कळ नडितैत्रेनु?" सांडशी चालेल का? ती पूजेत नव्हती, चुलीवर होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, चालू होत्या.

वडील आतून म्हणाले, "चालेल. ती दुसऱ्यांच्या घरातली. आपलं अधिकारक्षेत्र नाही."

सांडशीने स्क्रूचं डोकं बाजूने घट्ट धरलं आणि फिरवलं. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा फिरला. टोपण निघालं. आतून ते ओलंचिंब होतं. पितळी टोकांवर हिरवट पाणी आणि मध्ये कुंकवाचा एक ओघळ. मी पदराने पुसलं, पण खाचांमधलं पाणी पुसून निघत नाही. ते उन्हात ठेवायचं म्हटलं तर ऊन अजून झाडाच्या वर आलेलं नव्हतं.

काकूंनी ते माझ्या हातातून घेतलं, आपल्या स्वयंपाकघरात नेलं आणि सांडशीत धरून तव्याच्या वर फिरवायला लागल्या. मी मागोमाग गेले. तव्याला चिकटू नये, नुसती धग लागावी, एवढंच सांगायचं होतं. त्यांना ते सांगावं लागलं नाही. त्यांच्या सासूबाई पोळपाटाशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून ते काळं टोपण बघितलं.

"इदर हूर्णा यल्लैतवा?" ह्याचं पुरण कुठंय गं?

काकू हसल्या. टोपण गरम झालं, त्यातून वाफ निघाली, कुंकू वाळून भुकटी झाली. मी ती फुंकली. त्यांनी दोन गरम होळिगे कागदात बांधून दिल्या. वडिलांना त्या चालत नाहीत, हे त्यांना माहीत आहे. त्या माझ्यासाठी होत्या.

पहिल्यांदा स्टार्टर मारला तेव्हा गाडी खोकली. दुसऱ्यांदा धडधडली आणि बंद पडली. तिसऱ्यांदा चोक पूर्ण ओढला आणि ती दोन सिलिंडरवर सुरू झाली. तिसरा अधूनमधून साथ देत होता. टोपणाचा गंजलेला स्क्रू मी परत लावला नाही, टोपण त्या बाजूने सुतळीने बांधलं. आम्ही निघालो तेव्हा दवाखान्यात पोचायची वेळ होऊन गेली होती.

सुभाष रोडच्या बाजूला झेंडू आणि बन्नीच्या फांद्या विकायला बसलेल्यांची गर्दी होती. मी बाहेरून वळसा घेतला. गाडीला संथ चालीत राहता येत नव्हतं. प्रत्येक सिग्नलला एक पाय क्लचवर आणि दुसऱ्याने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही सांभाळावे लागत होते. जरा पाय सैल झाला की इंजिन गचके देत होतं. समोरून केळीचे खुंट बांधलेल्या बस आणि ट्रक येत होते, धुतलेले, हार घातलेले. नवनगरजवळ पोलिसांनी मिरवणुकीसाठी एक बाजू अडवली होती. मी हॉर्न वाजवत राहिले. एका पोलिसाने खिडकीतून वडिलांकडे बघितलं आणि पुढे जायला हात केला.

उणकलपाशी वडील बोलले. वाक्य दोन श्वासांत पूर्ण झालं.

"तीर्थ नसतं ओतलं तर पोचलो असतो, असं म्हणायचं असेल तर म्हण."

"मी काही म्हटलेलं नाही."

"तेच तर. तुझी आई म्हणायची."

 त्यांनी सीटबेल्ट छातीपासून हाताने दूर धरला होता.

दवाखान्यात पोचल्यावर मी इंजिन चालू ठेवूनच खाकी कपड्यातल्या माणसाला व्हीलचेअर आणायला सांगितलं. वडिलांना उतरवलं. मग गाडी बाजूला लावली आणि बंद केली. परत सुरू होईल की नाही हे तेव्हा बघितलं नाही.

डायलिसिसच्या खोलीच्या दाराशी तंत्रज्ञ उभा होता. तरुण आहे, शांत बोलतो. "नीव बरलिल्लरी, ब्यारेदवरिगे कोट्टीवि." तुम्ही आला नाहीत, दुसऱ्यांना दिली. वडिलांच्या नेहमीच्या खुर्चीवर एक बाई होत्या आणि त्यांचं मशीन सुरू झालेलं होतं. बाकीच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. दुपारच्या पाळीची यादीही भरलेली होती.

"कुणी आलं नाही तर घेऊ," तो म्हणाला. "नाहीतर संध्याकाळी डॉक्टरांना विचारावं लागेल."

त्यांनी वडिलांचं वजन केलं. व्हीलचेअरसकट करतात आणि मग खुर्चीचं वजा करतात. ठरलेल्या वजनापेक्षा साडेतीन किलो जास्त होतं. ते सगळं पाणी होतं. ऑक्सिजनची नळी नाकाला लावून त्यांना व्हरांड्यात बसवलं. सरळ पाय वाटेत येत होता, म्हणून व्हीलचेअर भिंतीला समांतर ठेवली. येणारे-जाणारे त्यांच्या पावलाला वळसा घालून जात होते.

"होळिगे कुठंय?" त्यांनी विचारलं.

"गाडीत."

"खाऊन ये जा."

"नंतर."

"मी कुठं पळून जाणाराय?"

मी गाडीशी गेले. होळिगे खाल्ल्या. फोनवर पुण्याच्या जुन्या संपादकांचा निरोप होता. मुख्य बातम्यांच्या टेबलवर जागा आहे, पुढच्या महिन्यापासून, कार्यालयात येऊन. त्यांनी आधी एकदा विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नव्हतं. या वेळी लिहिलं, सध्या शक्य नाही. त्यांनी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. मग मी बॉनेट उघडून सुतळी तपासली. ती उष्णतेने ढिली झाली होती. दुसरी गाठ मारली. सुरू करून बघायला किल्लीला हात लावला आणि काढला. न झाल्यास ते कळून उपयोग नव्हता. दुरुस्तीला लागणारं सगळं घरी पाटावर होतं.

वर आले तेव्हा वडिलांचे डोळे मिटलेले होते. श्वास मोजता येत होता. मी मोजला नाही. तंत्रज्ञ दोनदा येऊन नळी बघून गेला. दुसऱ्यांदा त्याने वडिलांच्या नखाचा रंग बघितला आणि आत जाऊन कुणालातरी फोन केला.

दुपारच्या पाळीचे रुग्ण यायला लागले. एकेकाचं नाव पुकारत होते. कोपऱ्यातल्या खुर्चीसाठी एक नाव तीनदा पुकारलं. कुणी उठलं नाही. तंत्रज्ञाने त्या रुग्णाच्या घरी फोन लावला. वाजत राहिला, उचलला गेला नाही. त्याने थोडा वेळ थांबून वडिलांची व्हीलचेअर आत ढकलायला सांगितली.

नर्सने कागद पुढे केला. वडिलांनी डोळे उघडले, कागद वरून खालपर्यंत वाचला आणि सही केली. सुई लागल्यावर त्यांनी हात हलवला नाही.

पुढच्या पाळीला जागा हवी होती, त्यामुळे चार तासांऐवजी तीन तासच मशीन चाललं. वजन पूर्ण उतरलं नाही. उरलेलं पाणी शनिवारी काढू, असं तंत्रज्ञाने सांगितलं. ज्यांची खुर्ची होती ते गृहस्थ का आले नाहीत, हे आम्ही निघेपर्यंत कळलं नव्हतं. शनिवारची पाळी नेहमीपेक्षा लवकर, सकाळी सहाची दिली. मध्ये गाडीचा शुक्रवार होता.